टीव्हीवर दिसतो, म्हणून नापास!

ग्रह, तारे, अवकाशयान असला एखादा व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर बघता. आवडला की कॉलेजच्या ग्रुपवर टाकता. पुढचं सगळं ठरलेलं. एक म्हणतो, भारी! दुसरा म्हणतो, किती ते सोपं करून सांगायचं, बालवाडी आहे का ही? तिसऱ्याला त्यातली एक चूक सापडते. आणि चौथा म्हणतो, ज्याला खरं संशोधन जमत नाही तो असले व्हिडिओ करत बसतो.

हा चौथा माणूस इंटरनेटमुळे जन्माला आला असं वाटत असेल, तर तसं नाही. तुमचे आईबाबा शाळेत होते तेव्हाही तो होता. आणि तेव्हा तो ग्रुपवर नव्हता, मोठमोठ्या विद्यापीठांत होता.

सप्टेंबर १९८० मध्ये अमेरिकेतल्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर ‘कॉसमॉस’ नावाची १३ भागांची मालिका सुरू झाली. पहिल्याच भागात समुद्रकाठच्या कड्यावरून एक माणूस चालत येतो. गळाबंद टर्टलनेक, वर कोट, केस वाऱ्यावर. मग तो बोलायला लागतो. पुढच्या भागांत तो शुक्राची भट्टी दाखवतो, मंगळाची धूळ दाखवतो, गुरूच्या चंद्रांवर नेतो. ६० हून जास्त देशांतल्या कोट्यवधी लोकांनी ही मालिका बघितली. या माणसाचं नाव कार्ल सेगन. तुमचा जन्म व्हायच्या आधीच तो गेला. पण त्याची गोष्ट तुम्हाला माहिती असायला हवी, कारण ती थोडीफार तुमचीही आहे.

कार्लचा जन्म ९ नोव्हेंबर १९३४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. वडील आज युक्रेनमध्ये असलेल्या भागातून आलेले, कपड्यांच्या कारखान्यातले कामगार. घरात विज्ञान कुणालाच फारसं येत नव्हतं. पण पोराने प्रश्न विचारला तर गप्प बस, असंही कुणी म्हणत नसे. तारे म्हणजे काय, हा त्याचा लहानपणीचा प्रश्न. मोठी माणसं सांगायची, आकाशातले दिवे आहेत ते. त्याचं काही समाधान होईना. मग तो एकटाच वाचनालयात गेला आणि ‘स्टार्स’वरचं पुस्तक मागितलं. तिथल्या बाईंनी कौतुकाने त्याच्या हातात हॉलिवूडच्या नटनट्यांचे फोटो असलेलं पुस्तक ठेवलं! घोळ निस्तरल्यावर खरं पुस्तक मिळालं. त्यात लिहिलं होतं की तारे म्हणजे सूर्यच, फक्त फार लांबचे. त्या क्षणी जग एकदम प्रचंड मोठं झालं, हे त्याला जन्मभर आठवत राहिलं.

पुढे मंगळाने त्याला झपाटलं. एडगर राइस बरोज यांच्या मंगळावरच्या कादंबऱ्या वाचून हा मुलगा मोकळ्या मैदानात हात पसरून उभा राहायचा. का? तर मंगळाने आपल्याला उचलून न्यावं म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सोळाव्या वर्षी तो शिकागो विद्यापीठात गेला आणि १९६० मध्ये पीएचडी झाला. तेव्हा शुक्राबद्दल शास्त्रज्ञांत वाद होता. शुक्रावरून येणाऱ्या रेडिओ लहरी सांगत होत्या की हा ग्रह भयंकर तापलेला आहे. पण मग ही उष्णता नक्की कुठली? पृष्ठभागाची की वातावरणातल्या दुसऱ्याच कशाची? सेगनने मांडलं की पृष्ठभागच तापलाय, आणि त्याचं कारण तिथल्या वातावरणातला हरितगृह परिणाम. म्हणजे काय, तर उन्हाची उष्णता आत येते आणि कार्बन डायऑक्साइडच्या जाड गोधडीखाली अडकून पडते. १९६२ मध्ये शुक्राजवळून गेलेल्या मरिनर-२ यानाच्या निरीक्षणांनी या मताला बळ दिलं. १९७० मध्ये सोव्हिएत व्हेनेरा-७ थेट शुक्रावर उतरलं, तेव्हा तापमान निघालं साधारण ४७५ अंश सेल्सिअस. शिसं वितळतं त्याच्याही कितीतरी वर.

आता मंगळ. मंगळावर ऋतूप्रमाणे बदलणारे काळपट डाग दुर्बिणीतून दिसायचे. तिथे झाडोरा असावा, वसंतात तो वाढत असावा, असं अनेकांना वाटायचं. हात पसरून उभ्या राहणाऱ्या त्या मुलाला तर हे किती हवंहवंसं वाटलं असेल! पण सेगन आणि त्याचा सहकारी जेम्स पोलॅक यांनी दाखवलं की झाडंबिडं काही नाहीत, वाऱ्याने इकडून तिकडे उडणारी ती धूळ आहे. नंतर मरिनर-९ ने काढलेल्या छायाचित्रांनी त्यांचंच म्हणणं खरं ठरवलं. आपल्याला जे मनापासून हवं असतं तेच पुराव्यासाठी सोडून द्यायचं, हे बोलायला सोपं आहे. परीक्षेत उत्तर चुकलं तरी आपण पेपर सेट करणाऱ्याला दोष देतो!

एवढं काम असूनही १९६८ मध्ये हार्वर्डने त्याला कायम केलं नाही. तो तिथे शिकवत होता, विद्यार्थ्यांत लोकप्रिय होता. पण फार विषयांत हात घालतो, फार बोलतो, फार मिरवतो, असा शेरा होता. नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी त्याच्याविरुद्ध मत कळवलं होतं. काही वर्षांनी त्यांनीच सेगनला पत्र लिहून आपलं चुकलं, अशी कबुली दिली. पण तोवर हार्वर्डचं दार बंद झालेलं होतं. सेगन इथाका गावातल्या कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि शेवटपर्यंत तिथलाच झाला.

१९७६ मध्ये दोन व्हायकिंग यानं मंगळावर उतरली. सेगन त्या मोहिमेत होता. माणसाने पाठवलेलं यंत्र दुसऱ्या ग्रहाच्या मातीचे फोटो पाठवतंय आणि टीव्हीवाल्यांना त्यात फारसा रस नाही, हे त्याला सहन होईना. लोकांना विज्ञान नकोच असतं, हे टीव्हीवाल्यांचं म्हणणं त्याला मान्य नव्हतं. त्या अस्वस्थतेतून ‘कॉसमॉस’ आली. अ‍ॅन ड्रुयान आणि स्टीव्हन सोटर यांच्याबरोबर त्याने ती लिहिली. दहाव्या भागात तर तो थेट आपल्याकडे, तमिळनाडूत येतो. पोंगल दाखवतो, नटराजाची मूर्ती दाखवतो आणि कल्पांच्या प्रचंड कालगणनेबद्दल बोलतो.

मग प्रेक्षकांचं मत काय पडलं? तेच, तुमच्या ग्रुपवर पडतं ते. एका बाजूला शाळेतली पोरं, गृहिणी, कामगार असे लाखो लोक. आपल्याला कुणीतरी अक्कल आहे असं समजून बोलतंय, हा अनुभव त्यांना नवा होता. पुढे खगोलशास्त्रात गेलेले कितीतरी जण आजही सांगतात की सुरुवात ‘कॉसमॉस’पासून झाली. दुसऱ्या बाजूला, त्याचं संथ बोलणं, आ वासून आकाशाकडे बघणाऱ्या चेहऱ्याचे लांबच लांब क्लोजअप आणि ते कल्पनेचं यान काहींना असह्य झालं. वाऱ्यावर उडणारी म्हातारी असते ना, तशा आकाराचं होतं ते यान. विनोदी कार्यक्रम करणारा जॉनी कार्सन तर केसांचा टोप घालून त्याची हुबेहूब नक्कल करायचा. ‘अब्जावधी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द सेगन पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणायचा. दशलक्षाशी गल्लत होऊ नये, एवढाच त्याचा हेतू. त्याची जगभर टिंगल झाली. त्याने ती हसून घेतली.

काही टीका मात्र खरी होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय आणि तिथली विदुषी हायपेशिया यांच्या अंताची कहाणी मालिकेत एकत्र गुंफली आहे. इतिहासकारांना ती पटत नाही. गोष्ट रंगवण्याच्या नादात इतिहास जरा वाकला, असं म्हणायला जागा आहे.

लोकांच्या पत्रांचे ढीग यायचे. त्यात चक्रम पत्रंही असायची. विक्षिप्त माणसाला इंग्रजीत क्रॅकपॉट म्हणतात, म्हणून त्या पत्रांच्या फाइलला सेगनच्या ऑफिसात सांकेतिक नाव होतं, तडा गेलेली मातीची भांडी! पण फेकून द्यायच्या ऐवजी ती जपून ठेवली गेली. त्याच्या कागदपत्रांबरोबर आज ती अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत.

आणि तो ‘चौथा’ माणूस? तो १९९२ मध्ये पुन्हा भेटला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यत्वासाठी सेगनचं नाव पुढे आलं आणि मतदानात पडलं. शेकडो शोधनिबंध नावावर असलेला माणूस, पण टीव्हीवर दिसतो ना! गंमत बघा, याच अकादमीने दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, त्याला लोककल्याणासाठीचं आपलं मोठं पदक दिलं. म्हणजे लोकांना विज्ञान समजावलंस, शाब्बास. पण आमच्यात बसू नकोस.

तो कधी चुकलाच नाही असंही नाही. १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या, तेव्हा त्याने इशारा दिला होता की हा धूर उंच चढेल आणि पार दक्षिण आशियातल्या शेतीलाही फटका बसेल. म्हणजे आपल्याही. तसं झालं नाही. आपल्या शेवटच्या वर्षांतल्या पुस्तकात त्याने स्वतःच्या चुका मोजून दाखवल्या, त्यात ही होती.

त्याच्या दोन कामांशी आपलं नातं आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. ती तयार करणाऱ्या गटाचा प्रमुख सेगन होता. तिच्यावर ५५ भाषांत नमस्कार आहेत, त्यातली एक भाषा मराठी. आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ निघालं त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज मात्र अजून चाललाय.

दुसरं काम १४ फेब्रुवारी १९९० चं. सेगन कित्येक वर्षं मागे लागला होता की व्हॉयेजर-१ चा कॅमेरा एकदा मागे वळवा आणि सूर्यमालेचा फोटो काढा. शास्त्रीय उपयोग शून्य, कॅमेऱ्याला सूर्याचा धोका, म्हणून होकार मिळत नव्हता. शेवटी मिळाला. साधारण ६०० कोटी किलोमीटरवरून काढलेल्या त्या फोटोत पृथ्वी एका पिक्सेलएवढीही नाही. संशोधन म्हणून त्यात काही नाही. पण तो ठिपका बघून माणूस गप्प होतो.

२० डिसेंबर १९९६ ला, अस्थिमज्जेच्या आजाराशी दोन वर्षं झुंजून, ६२ व्या वर्षी सेगन गेला. पुढच्या जुलैत मंगळावर पाथफाइंडर उतरलं आणि त्या स्थानकाला त्याचं नाव दिलं गेलं. हात पसरून उभा असलेला मुलगा असा पोचला तिथे.

आणखी एक प्रसंग सांगतो. १९७५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला सतरा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा कॉर्नेल बघायला आला. सेगनने स्वतः त्याला प्रयोगशाळा दाखवली. संध्याकाळी बर्फ पडायला लागला, तर त्याला बसस्टँडवर सोडलं आणि घरचा फोन नंबर लिहून दिला, बस आली नाही तर आमच्याकडे मुक्कामाला ये म्हणून. मुलाने शेवटी प्रवेश घेतला तो हार्वर्डला! पण २०१४ मध्ये ‘कॉसमॉस’ नव्याने आली, तेव्हा ती सादर करत होता तोच, नील डिग्रास टायसन.

आता तुमचं सांगा. तुमच्या विषयातली एक गोष्ट, कुठलीही, आज रात्री जेवताना घरच्यांना सांगून बघा. पाच मिनिटांत, पुस्तकातली व्याख्या न वापरता. आजीने मध्येच प्रश्न विचारला आणि तुम्ही अडकलात, तर समजा की ती गोष्ट अजून तुम्हालाही नीट कळलेली नाही. मग परत पुस्तक उघडा. आणि ग्रुपवरचा तो ‘चौथा’ काही म्हणालाच, तर त्याला ही गोष्ट सांगा.