पाठराखा एम्लेन टनेल

किल्ला जिंकणाऱ्या वीराचे पोवाडे गायले जातात; परंतु जिंकलेला किल्ला रात्रंदिवस जागून राखणाऱ्याचे नाव फारसे कोणाच्या ओठांवर येत नाही. खेळाच्या मैदानावरही बहुधा असेच घडते. गुण मिळवणाऱ्याचा जयजयकार होतो आणि गुण वाचवणारा मागे राहतो. ही समजूत बदलून टाकणारा एक थोर खेळाडू अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव एम्लेन टनेल.

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा आहे. त्याचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हाती धरून पळत पुढे नेता येतो, किंवा दूरच्या सोबत्याकडे फेकताही येतो. प्रत्येक संघाचे अकरा गडी मैदानावर असतात. एक संघ चढाई करतो, तर दुसरा त्याला अडवतो. अडवणाऱ्यांच्या सर्वांत मागच्या फळीत उभे राहणारे गडी हे संघाचे पाठराखे. पुढची फळी फुटली, तर सारी भिस्त त्यांच्यावर असते. प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू त्यांनी मध्येच झेलला, तर चढाई तेथेच संपते आणि चेंडू त्यांच्या संघाचा होतो. याच कामात टनेल यांनी अलौकिक कीर्ती मिळवली.

एम्लेनचा जन्म २९ मार्च १९२४ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रिन मॉर येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. शाळेत असल्यापासूनच तो खेळात चमकू लागला. पुढे ओहायो राज्यातील टोलेडो विद्यापीठात त्याने प्रवेश घेतला. परंतु १९४२ साली एका सामन्यात त्याच्या मानेचे हाड मोडले. एखादा खचून गेला असता. एम्लेनने मात्र धीर सोडला नाही. फुटबॉल खेळता येईना, तेव्हा तो विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून खेळला. त्याच्या संघाने १९४३ साली एका राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली.

त्या वेळी दुसरे महायुद्ध पेटले होते. मानेच्या दुखापतीमुळे भूदलाने व नौदलाने एम्लेनला नाकारले. तेव्हा तो तटरक्षक दलात दाखल झाला. एप्रिल १९४४ मध्ये त्याचे जहाज न्यू गिनीच्या किनाऱ्याजवळ असताना त्यावर शत्रूच्या विमानाने पाणतीर सोडला. जहाजाला आग लागली. एक खलाशी ज्वाळांनी वेढला गेलेला एम्लेनने पाहिला. क्षणाचाही विलंब न लावता तो धावला आणि त्याने उघड्या हातांनी त्या ज्वाळा विझवल्या. त्याचे स्वतःचे हात भाजले, पण सोबत्याचे प्राण वाचले. पुढे मार्च १९४६ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात आणखी एक सोबती जहाजावरून खाली पडला. पाणी बर्फासारखे थंड होते. एम्लेनने त्यात उडी घेतली आणि त्यालाही सुखरूप वर काढले.

युद्धानंतर तो आयोवा विद्यापीठाच्या संघातून खेळला. परंतु व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत कोणीही त्याचे नाव घेतले नाही. तो काळ कृष्णवर्णीयांना प्रतिकूल होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला स्थान मिळाले नव्हते. १९४६ साली हे दार किलकिले झाले होते, इतकेच. बोलावण्याची वाट पाहत बसणे एम्लेनच्या स्वभावात नव्हते. १९४८ च्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कला निघाला. वाटेत केळी वाहून नेणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्याला गाडीत घेतले. न्यूयॉर्क जायंट्स या संघाच्या कचेरीत जाऊन तो मालक टिम मारा यांना भेटला आणि खेळण्याची संधी मागितली. मारा यांनी ती दिली. अशा रीतीने टनेल हे त्या संघाचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले.

मिळालेल्या संधीचे त्यांनी सोने केले. १९५० साली क्लीव्हलंड ब्राउन्स हा संघ अजिंक्य मानला जात होता. त्याला रोखण्यासाठी जायंट्सचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी नवी व्यूहरचना आखली. त्यात मागच्या फळीतील चार पाठराखे उघडलेल्या छत्रीसारखे पसरत; म्हणून त्या रचनेला छत्री हेच नाव पडले. टनेल हे त्या छत्रीचा आधार होते. ब्राउन्सना एकही गुण मिळू न देता जायंट्सनी तो सामना ६–० असा जिंकला.

टनेल केवळ अडवून थांबत नसत. झेललेला चेंडू घेऊन ते वाऱ्याच्या वेगाने उलट धावत सुटत. १९५२ साली झेललेले आणि लाथाडलेले चेंडू घेऊन ते एकूण ९२४ यार्ड धावले. त्या वर्षी चढाईत सर्वाधिक धावणाऱ्या खेळाडूचे अंतर ८९४ यार्ड होते! राखणदाराने चढाई करणाऱ्यांनाही मागे टाकले, हे पाहून लोक थक्क झाले.

१९५६ साली जायंट्सनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९५९ मध्ये टनेल ग्रीन बे पॅकर्स या संघात गेले. तेथे त्यांनी तरुण खेळाडूंना आपले कसब शिकवले आणि १९६१ साली पुन्हा अजिंक्यपदाचा मान अनुभवून निवृत्ती पत्करली. आपल्या कारकिर्दीत त्यांनी प्रतिपक्षाचे ७९ चेंडू मध्येच झेलले. हा विक्रम १९७९ सालापर्यंत अबाधित राहिला. १९६७ मध्ये फुटबॉलच्या हॉल ऑफ फेम या कीर्तिमंदिरात त्यांची निवड झाली. हा सन्मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होते. केवळ बचावातील कामगिरीसाठी तो मिळवणारेही तेच पहिले. निवृत्तीनंतर जायंट्सचे सहायक प्रशिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. जुलै १९७५ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

समुद्रावर त्यांनी दोन जीव वाचवले होते; पण त्याबद्दलचे पदक त्यांच्या हयातीत त्यांना मिळाले नाही. अखेर २०११ साली तटरक्षक दलाने त्यांना मरणोत्तर रौप्यपदक अर्पण केले. २०२१ साली दलाच्या एका नव्या जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. आगीत असो, सागरात असो वा मैदानावर, संकट दिसताच टनेल पुढे होत असत. आपल्या माणसांची पाठ राखणे हेच त्यांचे शौर्य होते, आणि त्या शौर्याचे मोल उशिरा का होईना, जगाला कळले.