पू कां होतो? : सर अलेक्झांडर ऑग्स्टन यांचें अल्पचरित्र

केंसतूड, नखुरडें, रांजणवाडी हीं दुखणीं आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं भोगलीं असतील. पोटीस बांधावें, गळूं पिकण्याची वाट पाहावी, आणि पू वाहून गेला म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकावा, हा क्रम घरोघर परिचित आहे. परंतु पू मुळांत होतो तरी कां, हा प्रश्न ज्या पुरुषानें चिकाटीनें सोडविला, त्याचें नांव पाश्चर व लिस्टर यांच्या नांवांप्रमाणें शाळकरी मुलांच्या तोंडीं नसतें. म्हणून त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अलेक्झांडर ऑग्स्टन यांचा जन्म स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरीं ता. १९ एप्रिल १८४४ रोजीं झाला. त्यांचे वडील तेथील विद्यापीठांत न्यायवैद्यकाचे अध्यापक होते. ऑग्स्टन यांनीं ॲबर्डीनखेरीज व्हिएन्ना व बर्लिन येथेंही अध्ययन केलें आणि पुढें आपल्याच गांवच्या रुग्णालयांत ते शस्त्रवैद्य झाले.

त्या काळीं शस्त्रवैद्य रक्तानें माखलेला जुना कोट अंगांत घालूनच शस्त्र हातीं घेत, आणि जखमेंतून दाट पिवळसर पू वाहूं लागला म्हणजे तें शुभचिन्ह मानीत. लिस्टर यांनीं कार्बोलिक ॲसिड वापरून पुवावांचून जखमा बऱ्या करून दाखविल्या, तेव्हां तरुण ऑग्स्टन ग्लासगो येथें गेले, तो चमत्कार त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला, आणि परत येऊन कार्बोलिकच्या फवाऱ्याचा असा ध्यास घेतला कीं, त्यांच्या विद्यार्थ्यांनीं त्या फवाऱ्यावर एक गंमतीचें गाणेंच रचलें!

तथापि एक शंका त्यांना स्वस्थ बसूं देईना. उघड्या जखमेंत बाहेरून जंतु शिरतात हें ठीक. परंतु जेथें कातडी फाटलेली नाहीं, तेथें मांसाच्या आंत गळूं कशानें होतें? त्यांनीं एका तरुणाच्या पायावरील गळवांतून पू काढला, तो जांभळ्या रंगानें रंगविला आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं धरला. पुवाच्या पेशींमध्यें बारीक वाटोळ्या कणांचे पुंजके व माळा स्पष्ट दिसल्या.

पण हे जंतु रोगाचें कारण, कीं केवळ त्याचे सोबती? कारण व सोबत यांतील भेद शोधण्यांतच ऑग्स्टन यांची खरी थोरवी आहे, असें आम्हांस वाटतें. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें दिलेल्या ५० पौंडांतून त्यांनीं उत्तम सूक्ष्मदर्शक घेतला आणि घराच्या मागें लहानशी प्रयोगशाळा मांडली. घट्ट पोषकावर जंतु वाढविण्याची कॉख यांची रीत त्या वेळीं प्रसिद्ध झालेली नव्हती. म्हणून त्यांनीं कोंबडीच्या ताज्या अंड्यांत ते वाढविले. तसला पू उंदीर व गिनीपिग यांस टोंचला असतां गळवें झालीं. तोच पू तापवून किंवा कार्बोलिक मिसळून टोंचला असतां झालीं नाहींत. क्षयामुळें होणाऱ्या थंड गळवांत हे कण सांपडत नसत, हेंही त्यांनीं पाहिलें.

एप्रिल १८८० मध्यें बर्लिन येथील शस्त्रवैद्यांच्या परिषदेंत हें संशोधन सांगतांच जर्मन विद्वानांनीं त्याचा आदर केला. स्वदेशांत मात्र उपेक्षा व उपहास वांट्यास आला. ॲबर्डीनसारख्या दूरच्या गांवांतून कांहीं नवें निघेल, हें कित्येकांना पटेना. लिस्टर यांचे साहाय्यक वॉटसन चेन यांनींही आरंभीं हें मत स्वीकारलें नाहीं. ऑग्स्टन यांनीं वाद घालण्यापेक्षां काम चालू ठेवलें. १८८२ त त्यांनीं पुंजके करून राहणाऱ्या जंतूंना स्टॅफिलोकॉकस हें नांव दिलें. तें त्यांना ग्रीक भाषेच्या गेडीस नामक अध्यापकांनीं सुचविलें होतें. त्याचा अर्थ द्राक्षांच्या घडासारखे गोल दाणे. नाशिककडील वाचकांस हें चित्र सहज डोळ्यांपुढें येईल. हेच जंतु रक्तांत शिरले कीं जिवावर बेततें, हेंही त्यांनीं ओळखलें. १८८४ त रोझेनबाख या जर्मन वैद्यानें त्यांतील सोनेरी व पांढऱ्या जाती निराळ्या केल्या. सोनेरी जात सुमारें तिसरा हिस्सा निरोगी माणसांच्या नाकांत निरुपद्रवीपणें नांदते. कातडीस वाट सांपडली म्हणजे मात्र गळूं, हाडांचा दाह, फुप्फुसांचा दाह असे विकार उत्पन्न करते. तिच्या कांहीं प्रकारांचें विष अन्नांत उतरल्यास तें अन्न पुन्हा उकळूनही निर्धोक होत नाहीं.

१८८२ तच ऑग्स्टन विद्यापीठांत शस्त्रक्रियेचे अध्यापक झाले व १९०९ पर्यंत त्या पदावर राहिले. सुदान व दक्षिण आफ्रिका येथील युद्धांत त्यांनीं जखमी शिपायांची शुश्रूषा केली. सैन्यांतील वैद्यकीय व्यवस्था सुधारावी म्हणूनही ते झटले. १९१२ त त्यांस सर ही पदवी मिळाली. एवढ्यावर विश्रांति घेतली असती तर कोणी नांव ठेवलें नसतें! परंतु सत्तरी उलटल्यावर, १९१५ त, ते बेलग्रेड येथील युद्धरुग्णालयांत व पुढें इटलींत सेवेस गेले.

ता. १ फेब्रुवारी १९२९ रोजीं ते निवर्तले. त्यापूर्वीं पांचच महिने लंडनमध्यें फ्लेमिंग यांच्या एका कांचेच्या बशींत बुरशी पडून तिच्याभोंवतींचे जंतु विरघळले होते व त्यांतून पेनिसिलीनचा शोध लागला. ते जंतु म्हणजे ऑग्स्टन यांचेच स्टॅफिलोकॉकस. फ्लेमिंग यांचा निबंध ऑग्स्टन यांच्या मृत्यूनंतर कांहीं महिन्यांनीं प्रसिद्ध झाला. पेनिसिलीनलाही हे जंतु लवकरच पुरून उरूं लागले. म्हणून मेथिसिलीन हें नवें औषध काढलें, तर त्यालाही दाद न देणारे प्रकार १९६१ त इंग्लंडांतच आढळले.