भारुडांचे भावार्थकार श्रीसंत एकनाथ महाराज

शांतिब्रह्म श्रीसंत एकनाथ महाराजांचा जन्म इ.स. १५३३ च्या सुमारास श्रीक्षेत्र पैठण येथे झाला. विठ्ठलभक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा. मातापित्यांचे छत्र बालपणीच हरपल्याने आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे देवगिरी येथे श्रीजनार्दनस्वामींचा अनुग्रह त्यांना लाभला. शके १४९५ (इ.स. १५७३) मध्ये काशीक्षेत्री एकनाथी भागवत सिद्धीस गेले, तर शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली.

हे ग्रंथकार्य सर्वश्रुत आहे. परंतु पनवेल काय किंवा अन्यत्र काय, सामान्य भाविकांच्या कानी नाथ अधिक पडतात ते भारुडांतून, आणि अर्थाचा घोटाळा होतो तोही तेथेच. वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी स्त्री अशी दारी येणारी माणसे नाथांनी रूपक म्हणून योजिली. विंचवाच्या भारुडातील दंश कामक्रोधाचा आणि उतारा सत्त्वगुणाचा, हे श्रोत्यास सहज उमगते. कारण नाथांनीच ते तेथे उलगडून ठेविले आहे.

भवानीला रोडगा वाहणाऱ्या सुनेचे भारूड मात्र अवघड. सासरा, सासू, जाऊ, सारेच आपल्या वाटेतून नाहीसे व्हावेत, असे ती देवीस विनविते. श्रोते हसतात, आणि पुष्कळदा हसण्यावरच थांबतात. शब्दशः घेतल्यास हा नवस निष्ठुरच ठरेल. तो केवळ स्त्रियांची टिंगल म्हणून रंगविला जातो, हे आम्हांस रुचत नाही. ज्यांनी आदर्श गृहस्थाश्रम चालविला, ते घर मोडण्याचे मागणे कसे मागतील? ही नाती म्हणजे जीवाला वेढणारे विकार होत. ते गळाले की मागे उरते ते एकटेपण नव्हे, अद्वैत होय. याची खूण शेवटच्या नाममुद्रेत सापडते. तीतील 'एका' म्हणजे स्वतः नाथ. 'जनार्दन' हे सद्गुरूंचे नाव, तसेच भगवंताचेही. शिष्य, गुरू आणि देव तेथे वेगळे उरतच नाहीत. म्हणून भारूड ऐकताना मुद्रेपर्यंत कान देऊन बसावे.

अखेरच्या काळात नाथांनी हाती घेतलेल्या रामकथेच्या नावातही 'भावार्थ' हाच शब्द आहे. ते भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले. पुढील भाग शिष्य गावबा यांनी पूर्ण केला. फाल्गुन वद्य षष्ठीस गोदातीरी नाथांनी देह ठेविला. त्या तिथीस पैठण येथे नाथषष्ठीची यात्रा भरते.