बुरशीवाचून न रुजणारे बी : नोएल बेर्नार

ऑर्किडला शेंग धरली असताना कुंडी बदलू नये, असे जाणती माळी मंडळी सांगतात. त्याचे एक कारण सरळ आहे. कॅटलियासारख्या ऑर्किडची शेंग पिकायला नऊ महिने ते वर्ष लागते. तेवढे दिवस झाड तिला पोसत असते आणि कुंडी बदलताना मुळे दुखावली की पहिला फटका या पुरवठ्याला बसतो. दुसरे कारण मात्र कुंडीतल्या जुन्या शेवाळात आणि मुळांत दडलेले होते. ते उलगडले नोएल बेर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कामातून.

एकोणिसाव्या शतकात युरोपात ऑर्किड हा श्रीमंतांचा शौक होता. एका शेंगेत लाखो बिया असत, पण पेरल्या की बहुतेक कुजून जात. बी धुळीच्या कणाएवढे, आत जेमतेम काही पेशींचा गर्भ आणि शिदोरी जवळजवळ नाहीच. माळ्यांना एकच युक्ती ठाऊक होती : बी आईच्याच कुंडीत, तिच्या मुळांजवळ भुरभुरायचे. तिथे कधी कधी चार रोपे उगवत. का, ते कोणालाच सांगता येत नसे.

बेर्नार यांचा जन्म १८७४ चा, पॅरिसचा. शिक्षण तिथल्याच एकोल नॉर्माल सुपेरियर या नामांकित संस्थेत. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी ते मेलँ गावी होते आणि फाँतेनब्लोचे जंगल तिथून जवळच. ३ मे १८९९ रोजी त्या जंगलात त्यांना पाचोळ्याखाली गाडला गेलेला एक वाळका दांडा दिसला. तो निओटिया या हरितद्रव्य नसलेल्या तपकिरी ऑर्किडचा होता. त्यावरच्या शेंगा पुरत्या उघडल्याच नव्हत्या आणि बिया आतल्या आत रुजल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर रुजलेल्या प्रत्येक बीमध्ये बुरशीचे तंतू शिरलेले होते. ज्या बुरशीला सारे जण बी कुजवणारी समजत, तिच्यावाचून बी रुजतच नव्हते!

पुढे काँ येथील विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी हे प्रयोगाने सिद्ध केले. ऑर्किडच्या मुळांतून बुरशी वेगळी काढली आणि निर्जंतुक नळीत बियांसोबत वाढवली. वाढीच्या माध्यमासाठी त्यांनी सालेप वापरले. ऑर्किडच्याच कंदांपासून केलेली ही पूड. आपल्याकडची काष्ठौषधींच्या दुकानातली सालममिश्री याच जातकुळीतली. बुरशी असलेल्या नळ्यांत बिया रुजल्या. आईच्या कुंडीचे कोडे सुटले : तिच्या मुळांत आणि भोवतालच्या शेवाळात ही बुरशी आधीच नांदत होती. शेंग झाडावर असतानाच ते सगळे फेकून नवे मिश्रण भरले, तर पेरणीच्या वेळी बीला हवा असलेला सोबतीही कमी होणार.

डॉक्टरांना बेर्नार जवळचे वाटावेत ते त्यांच्या पुढच्या विचारामुळे. या सोबतीला त्यांनी गोड मैत्री मानले नाही. त्यांच्या लेखी तो आटोक्यात राहिलेला संसर्ग होता. बुरशी फार जहाल असली तर गर्भ मरतो, फार मवाळ असली तर बी रुजत नाही. रोप आतल्या पेशींत शिरलेले तंतू पचवून टाकते, हे त्यांनी पाहिले. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, या मेचनिकॉफ यांच्या शोधाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. १९०८ मध्ये ते प्वातिए येथे प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी ऑर्किडच्या कंदाचा तुकडा बुरशीजवळ ठेवून पाहिला. बुरशी तुकड्याला शिवण्याआधीच, काही अंतरावर थांबली. कंदातून बुरशीरोधक द्रव्य झिरपत होते. वनस्पतींच्या प्रतिकारशक्तीचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा.

स्वतः बेर्नार यांच्या बाबतीत मात्र संसर्ग आटोक्यात राहिला नाही. त्यांना क्षय जडला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून तोवर पाव शतक उलटून गेले होते, पण औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी तीन दशके होती. २६ जानेवारी १९११ रोजी बेर्नार गेले, तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. कंदाच्या प्रयोगांवरचा त्यांचा प्रबंध त्याच वर्षी, त्यांच्या मागे छापला गेला.

१९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या माध्यमावर ऑर्किडचे बी रुजवून दाखवले. बाजारात मिळणारी ऑर्किडची रोपे आज बहुतांशी प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढतात, तिथे बुरशीला मज्जाव असतो. जंगलात मात्र साखर घालायला कोणी नाही. तिथे ऑर्किड पुन्हा वसवायचे असेल, तर आजही योग्य ती बुरशी आधी शोधावी लागते.