सूर्याचे स्थान आकाशालाच विचारणारे बापूदेवशास्त्री

भंडारा, प्रतिनिधी

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भंडाऱ्यात एक असा दिवस येतो की, दुपारी बारा वाजून सात-आठ मिनिटांनी उभ्या खांबाची सावली त्याच्या पायथ्याशीच लुप्त होते. सूर्य त्या क्षणी नेमका डोक्यावर असतो. जुलैच्या मध्यानंतर हाच योग पुन्हा येतो, परंतु पावसाळी ढगांमुळे तो सहसा दिसत नाही. हा दिवस व ही वेळ आधीच सांगता येते, कारण कोणत्याही गावाच्या आकाशात सूर्य केव्हा कोठे असेल याचे गणित उपलब्ध आहे. हे भारतीय गणित पाश्चात्त्य जगासमोर मांडणारे आणि त्यातील चुका आपल्याच लोकांसमोर निर्भयपणे ठेवणारे महामहोपाध्याय बापूदेवशास्त्री यांची कर्मभूमी काशी असली, तरी त्यांचे गणिताचे शिक्षण भंडाऱ्यापासून अवघ्या साठ किलोमीटरवरील नागपुरात झाले होते.

बापूदेवांचा जन्म १८२१ मध्ये एका मराठी ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव नृसिंह आणि वडिलांचे नाव सीताराम. नागपुरात तेव्हा भोसल्यांचे राज्य होते व भंडारा परिसरही त्याच राज्यात मोडत असे. तेथील मराठी शाळेत शिकत असतानाच त्यांनी ढुंढिराज मिश्र या पंडितांकडे भास्कराचार्यांच्या लीलावती व बीजगणित या ग्रंथांचे अध्ययन केले.

भोपाळजवळच्या सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन हे ब्रिटिश अधिकारी होते. भारतीय विद्यार्थ्यांना आधुनिक खगोलशास्त्र शिकवायचे, तर प्रारंभ त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांपासून करावा, असे त्यांचे मत होते. पृथ्वी गोल आहे, ती निराधार आहे, हे भास्कराचार्यांनी सांगितलेलेच आहे. तेथून पुढची पायरी अवघड नाही, असा त्यांचा विचार होता. या तरुणाची गणितातील गती पाहून विल्किन्सन यांनी १८३८ मध्ये त्याला सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले. तेथे सिद्धान्तांबरोबर युक्लिडची भूमितीही शिकायला मिळाली. पुढे १८४२ मध्ये बापूदेवांची काशीच्या संस्कृत कॉलेजात नेमणूक झाली आणि उर्वरित आयुष्य तेथेच गेले.

नागपूरहून काशीला गेलेल्या ज्योतिषाला पहिला फरक जाणवतो तो सावलीचा. विषुवदिनी, म्हणजे दिवस व रात्र समान असताना, बारा अंगुळांच्या शंकूची माध्यान्हीची सावली मोजली की त्या गावाची पलभा मिळते. नागपूर-भंडाऱ्यास ती साडेचार अंगुळांहून थोडी अधिक भरते, तर काशीस सुमारे पावणेसहा अंगुळे. नागपूर व भंडारा येथे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो. कर्कवृत्ताच्या उत्तरेस असलेल्या काशीत तो कधीच येत नाही. पलभेवरून गावाचा अक्षांश निघतो. सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेस वा दक्षिणेस आहे, म्हणजे त्याची क्रांती किती, हे राशिचक्रातील त्याच्या स्थानावरून काढता येते. नव्वद अंशांतून अक्षांश वजा करून उत्तर क्रांती मिळवली, अथवा दक्षिण क्रांती वजा केली, की सूर्याची माध्यान्हीची उंची हाती येते. भंडाऱ्यात विषुवदिनी ही उंची ६९ अंशांच्या आसपास, तर २२ डिसेंबरच्या सुमारास केवळ ४५ अंश असते. गावाच्या रेखांशानुसार वेळही बदलते. म्हणूनच भंडाऱ्यात माध्यान्ह नागपूरच्या दोन मिनिटे आधी होते.

दिशा, स्थान आणि काल या तीन प्रश्नांची ही उत्तरे सूर्यसिद्धान्ताच्या त्रिप्रश्नाधिकारात दिलेली आहेत. बापूदेवांनी केलेले सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले. त्याच्याच जोडीला विल्किन्सन यांनी केलेले गोलाध्यायाचे भाषांतर बापूदेवांनी तपासून छापविले. विल्किन्सन १८४१ मध्येच निवर्तले होते. शिष्याने वीस वर्षांनी गुरूचे काम पूर्णत्वास नेले. त्यापूर्वी १८५८ मध्ये त्यांनी एका लेखाद्वारे दाखवून दिले की, ग्रहाची तात्कालिक गती काढताना भास्कराचार्यांनी चलनकलनाचे तत्त्व वापरले आहे. या प्रतिपादनाची चर्चा इंग्लंडमधील गणितज्ञांतही झाली.

परंतु परंपरेचा हा अभिमानी पंडित परंपरेपुढे डोळे मिटणारा नव्हता. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष आधुनिक नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. ही चूक एका वर्षात नगण्य वाटते, पण हजार वर्षांत ती दोन दिवसांहून अधिक होते. सूर्याची कमाल क्रांती त्या ग्रंथात २४ अंश धरली आहे, प्रत्यक्षात ती साडेतेवीस अंशांहून किंचित कमी आहे. चंद्राच्या गणितातील फरक तर तिथीला कित्येक घटिका पुढे-मागे नेणारा होता. काशीतील पंचांगे तेव्हा पंधराव्या शतकातील मकरंदाच्या सारण्यांवरून आणि महाराष्ट्रातील पंचांगे गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या ग्रहलाघवावरून बनत असत. ग्रंथ रचले गेले तेव्हा ते आकाशाशी जुळत होते. नंतर आकाश पुढे गेले आणि सारण्या मागे राहिल्या.

पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग सुरू केले होते. बापूदेवांनीही १८७६ च्या सुमारास काशीत इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे स्वतःचे पंचांग काढण्यास प्रारंभ केला. नाविक पंचांगातील स्थाने ग्रीनिचच्या वेळेची. त्यांत काशीचे सुमारे ५ तास ३२ मिनिटांचे अंतर हिशेबात घेऊन ती काशीसाठी सिद्ध करावी लागत.

हा वाद केवळ आकड्यांचा नव्हता. एकादशी कोणत्या दिवशी, श्राद्ध कोणत्या तिथीला, हे पंचांगावर ठरत असल्याने आकडा बदलला की घरोघरचे आचरण बदलत होते. ऋषिप्रणीत ग्रंथावरून आलेली तिथीच धर्मकृत्यास ग्राह्य, असे मानणारा पंडितवर्ग मोठा होता. ग्रहणासाठी नवे गणित चालेल, पण व्रतासाठी जुनेच हवे, अशी तडजोडही सुचविली जाई. एकच चंद्र ग्रहणाला एका ठिकाणी आणि एकादशीला दुसऱ्या ठिकाणी कसा असेल, हा प्रश्न मात्र त्या तडजोडीत अनुत्तरितच राहत असे. सायनवाद या पुस्तिकेतून बापूदेवांनी अयनचलनाचा प्रश्नही चर्चेस आणला, तथापि पंचांगात त्यांनी रूढ निरयण पद्धती मोडली नाही. रूढीला जेवढे सोसवेल तेवढेच त्यांनी बदलले, पण चुकीचे स्थान छापण्यास ते तयार झाले नाहीत.

सरकारने त्यांना १८७८ मध्ये सी.आय.ई. आणि १८८७ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी दिली. १८९० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे दृक्सिद्ध पंचांग काशीत पुढेही निघत राहिले. स्वातंत्र्यानंतर डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीने सूर्य-चंद्रांची प्रत्यक्ष स्थानेच प्रमाण मानली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली.

मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास आणि सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरला, हे अंतर मात्र आजही कायम आहे. ते पडताळण्यास मोठी वेधशाळा लागत नाही. अंगणात एक सरळ काठी रोवून डिसेंबरभर दुपारची सावली मोजली, की ती कोणत्या दिवशी सर्वांत लांब होते हे भंडाऱ्यातील कोणत्याही शाळकरी मुलास कळू शकते.