विष्णु दिगंबर पलुस्कर : गायक आणि संस्थाचालक

कलासाधना आणि संस्थेचा कारभार ही दोन्ही कार्ये माणसाचे सारे आयुष्य मागतात. एकाला दिलेला वेळ दुसऱ्याच्या वाट्यातून वजा होतो. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या चरित्राकडे राष्ट्रीय संगीतप्रसाराची गाथा म्हणून पाहण्याची रीत रूढ आहे व ती अयोग्यही नाही. तथापि त्या गाथेच्या पोटात एका गवयाच्या गळ्याची कहाणी दडलेली आहे. संस्था उभी करण्यासाठी त्या गवयाने आपल्या कलेचे काय केले, हा प्रश्न विचारल्याखेरीज त्या चरित्राचा अर्थ पुरता उलगडत नाही.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी पटवर्धनांच्या कुरुंदवाड संस्थानात झाला. वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार. निरूपण, पद आणि श्रोत्यांना धरून ठेवण्याची हातोटी या तिन्ही गोष्टी त्यामुळे घरातच होत्या. बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याच्या दारूने डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी कायमची अधू झाली. शालेय शिक्षणाची वाट जवळजवळ बंद झाल्यावर मिरज संस्थानाच्या आश्रयाने त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकण्यास ठेवण्यात आले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून घेऊन महाराष्ट्रात रुजविणारे ते बाळकृष्णबुवा होत. या गुरुगृही सुमारे नऊ वर्षांची तालीम झाली. पुढील सारा डोलारा ज्या एका भांडवलावर उभा राहिला, ते भांडवल या काळात जमा झाले.

१८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडले. एका सार्वजनिक समारंभाचे निमंत्रण आपल्याला आले, परंतु गुरूंना गवई म्हणून वगळण्यात आले, याचा सल त्यामागे होता असे परंपरा सांगते. हकिकतीचा तपशील कसाही असो, गवयाची सामाजिक प्रतिष्ठा हा विषय त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून बसला, हे पुढील आचरणावरून स्पष्ट दिसते. बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, पंजाब असा त्यांचा प्रवास झाला. संस्थानिकांच्या दरबारी बिदागीवर राहण्याचा मार्ग मोकळा असताना त्यांनी काठेवाडात तिकीट लावून जाहीर जलसा केला. श्रोता आश्रयदाता न राहता ग्राहक व्हावा आणि गवयाने कोणाचा नोकर म्हणून गाऊ नये, हा विचार त्या लहानशा व्यवहारात होता. मथुरेच्या मुक्कामात ब्रजभाषेचा परिचय घडला. ख्यालाच्या बंदिशी ज्या भाषेत रचल्या जातात ती भाषा मराठी गवयाने समजून घेतली, याचे महत्त्व पुढे कळून आले.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. राजाश्रयावाचून लोकांच्या वर्गणीवर, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि संस्थापकाच्या जलशांवर चालणारी ही शाळा होती. गुरूच्या मर्जीवर चाललेले शिक्षण येथे वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा यांच्या चौकटीत आले. सर्वात महत्त्वाची योजना उपदेशक वर्गाची होती. निवडक मुलांना राहण्याजेवण्याची सोय करून विनामूल्य शिकवायचे व त्यांनी नऊ वर्षे शिकून पुढे संगीताचे अध्यापक व्हायचे, असा करार असे. प्रत्येक विद्यार्थी मोठा गवई होणार नाही हे चालकाला पक्के ठाऊक होते. सुजाण श्रोते आणि सदाचारी शिक्षक निपजले तरी विद्यालयाचे सार्थक झाले, अशी त्यांची धारणा होती. स्त्रियांना संगीत शिकविण्याचा उपक्रमही याच ओघात आला. स्वतःची स्वरलेखनपद्धती, पाठ्यपुस्तके, छापखाना आणि ‘संगीत अमृत प्रवाह’ हे मासिक यांची त्यात भर पडली. ज्याला अक्षर नीट दिसत नव्हते, त्याने छापील अक्षरावर एवढी भिस्त ठेवावी, ही त्या चरित्रातील मोठी विलक्षण गोष्ट होय.

या पसाऱ्याचा खर्च कोठून येत असे, हे पाहिले म्हणजे मूळ प्रश्न समोर येतो. फी तुटपुंजी, उपदेशक वर्ग तर निव्वळ खर्चाचा. तूट भरून काढण्याचा हुकमी मार्ग म्हणजे बुवांचा स्वतःचा गळा. तो गळा संस्थेची तिजोरी झाला. जलशांचे दौरे वाढले. गावोगावी निरनिराळ्या श्रोत्यांपुढे गावयाचे, मैफलीनंतर विद्यालयाविषयी बोलावयाचे, देणगी जमवायची आणि परतल्यावर हिशेब, शिस्त व वर्ग यांत गढून जायचे, असा क्रम पडला. गाणे एकांतात वाढते. येथे एकांतच दुर्मिळ झाला.

१९०८ साली मुंबईत विद्यालय सुरू झाले आणि हळूहळू कार्याचे केंद्र लाहोरहून तेथे सरकले. सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून स्वतंत्र इमारत बांधण्यात आली. तीत वर्ग, वसतिगृह, वाद्ये तयार करण्याचा कारखाना अशी सर्व व्यवस्था होती. दगडविटांच्या या प्रतिष्ठेची किंमत मात्र जबर होती. व्याज चुकविण्यासाठी दौरे आणि दौऱ्यांमुळे संस्थेवरील देखरेख सैल, अशा चक्रात चालक सापडला. अखेर १९२४ साली इमारतीचा लिलाव झाला.

साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या कारभाराचा आणखी एक परिणाम लक्षणीय आहे. कुलीन घरांतील मुलामुलींना संगीत शिकवायचे, तर बंदिशींतील शृंगारिक शब्दांची अडचण उभी राहिली. विष्णु दिगंबरांनी अशा अनेक शब्दरचना बाजूला सारून त्या जागी भक्तिपर पदे घातली. तुलसीदास, सूरदास, मीराबाई, कबीर यांची पदे रागदारीत बसवून मैफलीत आणली. विद्यालयाच्या गरजेने अशा रीतीने गायकाच्या संहितेतच फेरफार केला. यात लाभ आणि हानी दोन्ही झाल्या. ख्यालातील शब्द आणि भाव यांचा जुना संबंध काही ठिकाणी तुटला. ज्या मुसलमान उस्तादांच्या घराण्यांतून ही विद्या आली, त्यांचे स्थानही या भक्तिप्रधान मांडणीत झाकोळले, हा अलीकडील संशोधकांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. दुसऱ्या बाजूने संतकाव्य प्रांताप्रांतांच्या सीमा ओलांडून सर्व देशात गाइले जाऊ लागले. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले आणि त्यांनी सिद्ध केलेल्या आश्रम भजनावलीत संस्कृत, हिंदी, गुजराती, मराठी, बंगाली पदे एकत्र नांदली. भारतीय भाषांतील भक्तिकाव्याचे हे संकलन एका संगीतशाळेच्या शिस्तीतून घडलेल्या हातांनी केले, हे विसरता येत नाही.

समकालीन विष्णु नारायण भातखंडे यांच्याशी तुलना येथे अपरिहार्य ठरते. भातखंडे पेशाने वकील, वृत्तीने संशोधक. त्यांनी बंदिशी गोळा केल्या, शास्त्र मांडले, परिषदा भरविल्या, १९२६ साली लखनौला महाविद्यालय उभे केले. मैफलीचा गवई म्हणून त्यांना काही राखावयाचे नव्हते, म्हणून गमवावयाचेही नव्हते. विष्णु दिगंबरांना दोन्ही होते.

उत्तरायुष्यात त्यांचा ओढा रामभक्तीकडे वळला. नाशिक येथे रामनाम आधाराश्रम स्थापन झाला आणि रागसंगीताची जागा बव्हंशी रामायणकथन व नामसंकीर्तन यांनी घेतली. गायकाची ही माघार होती असे काहींना वाटले. कीर्तनकाराचा मुलगा वडिलांच्या परंपरेत परतला, असेही म्हणता येईल. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्षांनी हरकत घेऊनही त्यांनी ‘वंदे मातरम्’ शेवटपर्यंत गाइले. तेव्हा गळा व्रताच्या ताब्यात पूर्णपणे गेलेला होता. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत, जेथे त्यांची तालीम झाली त्याच गावी, त्यांचे निधन झाले.

इमारत गेली, तरी उपदेशक वर्गातील माणसे राहिली. त्याच १९३१ साली शिष्यांनी अहमदाबाद येथे गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय चालविले. ओंकारनाथ ठाकूर हे पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. गाणे आणि संस्था यांचा मेळ घालण्याचे गुरूचे ओझे या सर्वांनी आपापल्या परीने वाहिले.

विष्णु दिगंबरांची बहुतेक अपत्ये अल्पायुषी ठरली. पित्याच्या मृत्यूसमयी दत्तात्रेय हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. त्याला विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी घडविले आणि १९३५ साली जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात तो गाइला. दत्तात्रेय विष्णु पलुस्करांनी १९५५ पर्यंतच्या अल्प आयुष्यात ख्याल आणि भजन यांना जी निर्मळ प्रसन्नता दिली, ती कोणत्याही देणगीच्या वा व्याजाच्या हिशेबात अडकलेली नव्हती. पित्याने संस्थेसाठी खर्ची घातलेला गळा त्या संस्थेच्या शिष्यांनी मुलाच्या हाती परत दिला. विष्णु दिगंबरांच्या जमाखर्चात ही एक नोंद जमेच्या बाजूस निःसंशय मांडावी लागते.