कोठडीतील नाताळ
पाळक डिट्रिख बॉनहॉफर ह्यांचे चरित्र

आगमनकाळाचे रविवार सुरू झाले म्हणजे आपल्या मंडळ्यांतील तरुण मंडळी कंदील, पताका व गायने ह्यांच्या तयारीस लागते. अशा दिवसांत ज्यांचे स्मरण व्हावे असे एक जर्मन पाळक होऊन गेले. त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे.

डिट्रिख बॉनहॉफर ह्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेसलाऊ शहरी झाला. वडील मनोविकारांचे नामांकित वैद्य होते. घरात आठ भावंडे. त्यांत डिट्रिख व एक बहीण ही जुळी. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, वडील भाऊ वाल्टर रणभूमीवर जखमी होऊन मरण पावला. त्या दुःखातून आई पुष्कळ काळ सावरली नाही. पुढे डिट्रिख ह्यांचे दृढीकरण झाले तेव्हा वाल्टरचे पवित्र शास्त्र त्यांना मिळाले आणि तेच त्यांनी जन्मभर वापरले. युद्ध म्हणजे काय हे त्या घराला वर्तमानपत्रांतून शिकावे लागले नाही.

वयाच्या २१ व्या वर्षी त्यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. परंतु उपदेशक बंधूंना त्यांच्या विद्वत्तेहून १९३१ सालची एक हकीकत अधिक उपयोगी पडेल. बर्लिनच्या एका गरीब मजूरवस्तीत दृढीकरणाच्या वर्गात सुमारे ५० मुले होती. ती इतकी अनावर की, वृद्ध पाळकांबरोबर हे नवे शिक्षक जिना चढू लागले तेव्हा वरून त्यांच्या अंगावर केरकचरा टाकण्यात आला. बॉनहॉफर रागावले नाहीत. भिंतीशी उगेच उभे राहिले, आणि मग अगदी हळू आवाजात न्यूयॉर्कमधील निग्रो ख्रिस्ती लोकांच्या गोष्टी सांगू लागले. पुढच्यांना ऐकू येत होते, मागच्यांना येईना. तेव्हा मुलांनीच एकमेकांस गप्प केले. पुढे त्यांनी त्याच वस्तीत खोली घेतली. सायंकाळी मुलांनी यावे, बुद्धिबळ खेळावे, चार घास खावे, शास्त्रातली गोष्ट ऐकावी, असा क्रम ठेवला. १९३२ च्या मार्चमध्ये त्या मुलांचे दृढीकरण झाले.

१९३३ साली हिटलरच्या हाती सत्ता आली. मंडळीतही वंशभेद शिरला, आणि यहूदी रक्ताच्या ख्रिस्ती पाळकांना दूर करावे असे म्हणणारे लोक वेदीजवळ उभे राहिले. बॉनहॉफर ह्यांनी प्रथमपासून विरोध केला. मध्यंतरी ते लंडनमध्ये पाळक असता हिंदुस्थानात येऊन गांधीजींच्या आश्रमात राहावे असे त्यांच्या मनात होते. १९३४ साली गांधीजींचे निमंत्रणही आले. पण स्वदेशातील मंडळीने बोलाविल्यामुळे तो बेत राहून गेला. फिंकेनवाल्डे येथे १९३५ पासून ते तरुण उमेदवारांना पाळकपणाचे शिक्षण देऊ लागले. एकत्र प्रार्थना, एकत्र भोजन, एकमेकांजवळ पापांगीकार, असे ते शिक्षणालय होते. गुप्त पोलिसांनी १९३७ साली ते बंद केले.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि त्यांचे बहुतेक विद्यार्थी शिपाई झाले. छापील परिपत्रकांस बंदी होती. म्हणून बॉनहॉफर त्यांना खाजगी पत्रांच्या रूपाने लिहीत. त्या पत्रांत पडलेल्या बंधूंची नावे असत. त्या पहिल्या युद्धनाताळास त्यांनी देव मनुष्य झाला ह्याच विषयावर मनन लिहून पाठविले. घरी सुखाने बसणाऱ्यासाठी ते लेखन नव्हते. ज्यांचे दृढीकरणाचे शिक्षण त्यांनी केले त्यांपैकी माक्स फॉन वेडेमायर हा तरुण १९४२ च्या ऑक्टोबरात रशियाच्या आघाडीवर पडला. त्याचे वडील दोनच महिन्यांपूर्वी गेले होते. माक्सची बहीण मारिया, वय १८, हिच्याशी जानेवारी १९४३ मध्ये बॉनहॉफर ह्यांचा वाङ्‌निश्चय झाला.

हिटलरला दूर करण्याच्या कटात ते मेहुण्याबरोबर सामील होते, आणि काही यहूदी लोकांना स्वित्झर्लंडला पोहोचविण्यातही त्यांचा हात होता. पाळकाने कटात पडावे काय, हा प्रश्न वाचकांस पडेल. ते स्वतःही ह्याला निर्दोष कर्म समजत नव्हते. दोष पत्करून ते त्यात उतरले. ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना पकडून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवण्यात आले.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात बर्लिनवर रात्रीमागून रात्री बाँब पडत होते. ह्या कोठडीत त्यांनी आगमनकाळाचे हिरवे चक्र खिळ्यावर टांगले व त्यात ख्रिस्तजन्माचे चित्र अडकविले. दार बाहेरूनच उघडते अशा खोलीत बसून वाट पाहणे हे आगमनकाळासारखेच आहे, असे त्यांनी मित्रास लिहिले. पाउल गेरहार्ट ह्यांचे गव्हाणीजवळचे गीत आपणास खऱ्या अर्थाने येथेच उमगले, हेही कळविले. आईबापांना त्यांनी लिहिले की, उतारशाळेत जागा न मिळालेल्या बालकाचा सण कैद्याला इतरांहून बरा समजतो. म्हणून माझ्याकरिता खिन्न होऊ नका. सोबतच्या कैद्यांसाठी त्यांनी सकाळची, सायंकाळची व संकटातील अशा प्रार्थना लिहिल्या, आणि तुरुंगातील पाळकांच्या हातून त्या कोठड्यांत पोहोचल्या. मारियेने एकदा घरून भले मोठे नाताळचे झाड आणले! माझी खाट बाहेर काढली आणि मी सणभर उभा राहिलो तर झाड मावेल, असे ते हसून म्हणाले. शेवटी झाड पहारेकऱ्यांच्या खोलीत ठेवले, आणि ते पाहावयास ह्या कैद्यालाही बोलाविण्यात आले.

पुढच्या नाताळास ते गुप्त पोलिसांच्या तळघरात होते. तेथून डिसेंबर १९४४ मध्ये मारियेला पाठविलेल्या पत्रात त्यांनी एक कविता घातली. जर्मन मंडळ्या ती आजही वर्षाअखेरीस गातात.

८ एप्रिल १९४५, पुनरुत्थानाच्या सणानंतरचा रविवार. शोनबर्ग गावच्या शाळेत कोंडलेल्या कैद्यांनी त्यांना उपासना चालविण्यास विनविले. सोबत रोमन कॅथलिक होते आणि देव न मानणारा एक रशियनही होता. त्यांचे मन दुखू नये म्हणून ते आधी नको म्हणाले, पण त्या रशियनानेच संमती दिली. यशया ५३ व पेत्राचे पहिले पत्र ह्यांवर ते बोलले. शेवटची प्रार्थना संपते न संपते तोच त्यांना नेण्यासाठी माणसे आली. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लॉसेनबुर्ग येथे त्यांना फाशी दिले. वय ३९ वर्षे.

बर्लिनमध्ये वृद्ध आईबापांना महिनोन् महिने निश्चित काहीच कळले नव्हते. जुलै १९४५ मध्ये आकाशवाणीवरून लंडन येथील एका उपासनेचे ध्वनिक्षेपण त्यांनी ऐकले. शत्रुराष्ट्राच्या राजधानीत इंग्रज बिशप बेल एका जर्मन पाळकाच्या स्मरणार्थ बोलत होते, आणि तो पाळक त्यांचाच मुलगा होता.